काळवंडलेल्या चांदीचे वेस्टर्न खोगीर: उजाळा कसा द्यावा आणि किती द्यावा?

माळरान (डॅलस-फोर्ट वर्थ परिसर, टेक्सास)

नमस्कार मंडळी,

माझी कन्या गेली तीन वर्षे येथे वेस्टर्न पद्धतीची घोडेस्वारी शिकत आहे आणि येत्या वसंतात ती प्रथमच ‘वेस्टर्न प्लेझर’ प्रकारच्या स्पर्धेत उतरणार आहे. चांदीकाम केलेले नवे खोगीर आमच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे मागील महिन्यात एका जुन्या रँचवरील सामान विक्रीला निघाले तेव्हा तेथून आम्ही वापरलेले खोगीर घेतले. चामडे उत्तम स्थितीत आहे. त्यावरील फुलापानांची ठोकून काढलेली नक्षी अजूनही बोटाला जाणवते. चांदीची अवस्था मात्र दयनीय आहे. पुढच्या हॉर्नवरील, म्हणजे खोगिराच्या पुढच्या उभ्या खुंट्यावरील, टोपी जवळजवळ काळी ठिक्कर आहे, बैठकीच्या मागील उभट कडेवरची, म्हणजे कॅन्टलवरची, लांब पट्टी पिवळसर तपकिरी झाली आहे, चारही कोपऱ्यांवरील पट्ट्यांवर निळसर जांभळ्या छटा आहेत, आणि आठ कॉन्चोंपैकी दोहोंच्या कडेला हिरवा, मेणचट थर दिसतो. ज्यांना कॉन्चो ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते की खोगिराच्या चामडी वाद्या जेथे बाहेर येतात तेथे बसवलेल्या या नक्षीदार गोल चकत्या असतात.

दिवाळीपूर्वी देवघरातील चांदी घासण्याचा अनुभव मला आहे. परंतु निरांजन नळाखाली धरता येते, खोगीर धरता येत नाही. चामड्याला धक्का न लावता ही चांदी कशी स्वच्छ करावी, आणि मुळात ही सगळी चांदीच आहे का, हे कसे ओळखावे? येथे दुकानात गेल्यास प्रत्येक जण वेगळी बाटली हातात देतो, म्हणून हा धागा. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

---

तोबरा (कोलोरॅडो)

बाटली उघडण्यापूर्वी धातू ओळखा, हे पहिले. वेस्टर्न खोगिरांवर ‘सिल्व्हर’ या नावाखाली साधारणतः तीन गोष्टी आढळतात. पहिली स्टर्लिंग, म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. हिचा पातळ पत्रा दुसऱ्या धातूवर झाळलेला असू शकतो. दुसरी मुलामा दिलेली, म्हणजे आत पितळ किंवा जर्मन सिल्व्हर आणि वर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा अगदी पातळ थर. तिसरी निव्वळ जर्मन सिल्व्हर, ज्यात तांबे, निकेल आणि जस्त असते आणि चांदी नावालाही नसते. आपल्याकडे जुन्या पिढीत ‘जर्मनची भांडी’ म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी, त्यामुळे या नावाने दुहेरी फसगत होते.

कॉन्चो बहुधा स्क्रूने बसवलेले असतात. एक सोडवून पाठीवर इंग्रजीत ‘स्टर्लिंग’ असा शिक्का आहे का ते पाहावे. रंगावरूनही अंदाज येतो: खरी चांदी पिवळी, तपकिरी, निळसर आणि शेवटी काळी होत जाते, तर जर्मन सिल्व्हर काळे न होता मळकट पिवळसर, कधी हिरवट दिसू लागते. चुंबक लावून मात्र काही उलगडा होत नाही, कारण चांदी आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही सहसा त्याला दाद देत नाहीत. चुंबक चिकटलाच, तर आत लोखंड किंवा पोलाद आहे एवढेच कळते.

---

दुर्वांकुर (पुणे)

एवढा विचार कशाला? मोठ्या पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरावी, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालावा, त्यात चांदी बुडवावी. दोन मिनिटांत पांढरीशुभ्र होते. आमच्या घरी गौरींचे दागिने याच पद्धतीने निघतात. जे भाग सुटत नाहीत त्यांना टूथपेस्ट आणि जुना ब्रश लावावा.

---

कणभर_रसायन (बंगळूरु)

दुर्वांकुरताई, फॉइलची पद्धत खोटी नाही, पण ती या ठिकाणी बसत नाही. चांदीवरचा काळेपणा हा मुख्यतः सिल्व्हर सल्फाइडचा थर असतो. हवेत अगदी अल्प प्रमाणात असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू दमट वातावरणात चांदीशी संयोग पावतो आणि हा थर तयार होतो. सुरुवातीला तो इतका पातळ असतो की पाण्यावरील तेलाच्या तवंगाप्रमाणे प्रकाशाच्या खेळामुळे त्यात पिवळ्या-निळ्या छटा दिसतात. माळरानताईंच्या कोपऱ्यांवरील जांभळी झाक म्हणजे तोच टप्पा आहे. फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियम स्वतः झिजते आणि सल्फाइडमधील चांदी पुन्हा धातुरूपात आणते. त्या वेळी येणारा सडक्या अंड्यासारखा वास गंधकाचा असतो. चांदी वाया जात नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

परंतु अडचणी दोन आहेत. एक म्हणजे ती केवळ पूर्णपणे सुट्या होणाऱ्या आणि संपूर्ण धातूच्या वस्तूसाठीच योग्य आहे. गरम अल्कधर्मी पाणी चामड्याला लागले तर ते आक्रसते, कडक होते आणि त्याचा रंग उतरतो. दुसरी अडचण अशी की ती पद्धत खोलगट भागातला काळेपणाही काढून टाकते आणि नक्षी सपाट, निर्जीव, खडूसारखी पांढरी दिसू लागते.

टूथपेस्टविषयी तर माझा विरोधच आहे. दातांवरील एनॅमलची कठिणता मोहस् यांच्या 1 ते 10 च्या कठिणता-श्रेणीत 5 च्या आसपास असते, चांदीची 2.5 ते 3 असते. एनॅमलवरची पुटे काढण्यासाठी घडवलेला पदार्थ चांदीवर बारीक ओरखडे उमटवणारच. पूर्वीच्या दंतमंजनात खडूची पूड असे आणि ती चांदीच्या तोडीसतोड मऊ होती, म्हणून आजीच्या काळी चालून गेले. आताच्या पेस्टमध्ये बहुधा सिलिका असते.

आणखी एक सूचना. बाजारात ‘बुडवा आणि काढा’ पद्धतीचे द्रव मिळतात. त्यांत सामान्यतः आम्ल आणि थायोयुरिया असते. असा द्रव खोगिरावर कापसाने लावला तरी तो पट्टीच्या कडेखाली ओढला जातो आणि तेथील चामड्यात मुरतो. चांदी धुता येते, पण पट्टीखालचे चामडे कोण धुणार? मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत घातक गोष्ट हीच वाटते, कारण नुकसान वर्षभराने दिसते, आणि तोवर बाटलीचे नावही कोणाच्या लक्षात राहिलेले नसते.

---

चंदेरी_हात (हुपरी, जि. कोल्हापूर)

मी हुपरीचा. आमच्या गावात घरोघरी चांदीचे काम चालते आणि माझी चाळीस वर्षे पैंजण, करदोटे आणि छल्ले घडवण्यात गेली. खोगीर मी कधी हाताळलेले नाही, त्यामुळे चामड्याविषयी बोलणार नाही. पण ताईंनी दिलेल्या छायाचित्रांतील खोदकाम बघून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की कॉन्चोवरील पानांच्या मधला जो खोल भाग काळा दिसतो आहे, तो सगळाच मळ नव्हे. कारागिराने तो गंधकाच्या पाण्याने मुद्दाम काळा केला आहे आणि नंतर केवळ उंच भाग घासून पांढरा ठेवला आहे. बाजारात आज ज्याला ‘ऑक्सिडाइज’ म्हणतात तेच हे काम. तो काळा रंग गेला तर पानेफुले दुरून दिसणारच नाहीत. म्हणून मऊ फडके बोटावर गुंडाळून घासू नये, कारण बोट मऊ असते आणि ते खड्ड्यात शिरते. फडके बुचाच्या किंवा लाकडाच्या सपाट तुकड्यावर ताणून धरावे, म्हणजे ते फक्त उंचवट्यांवरून फिरते. हात एकाच दिशेने, पट्टीच्या लांबीला धरून चालवावा.

दुसरी गोष्ट मुलाम्याची. मुलामा काही हजारांश मिलिमीटर जाडीचा असतो, आणि कडांवर व उंचवट्यांवर तो सर्वांत आधी झिजतो. घासताना पांढऱ्याखालून पिवळी झाक दिसली, तर खालचे पितळ उघडे पडले असे समजून तत्काळ थांबावे. जर्मन सिल्व्हरवरचा मुलामा गेला तर ते चटकन लक्षात येत नाही, कारण खालचा धातूही पांढुरकाच असतो; थोडी करडी, थंड झाक दिसते तेवढीच.

सुट्या झालेल्या भरीव चकत्या कोमट रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतल्या तरी अर्धे काम होते. आमच्याकडे दागिना धुवायला रिठाच वापरतात. मोटारीवर फिरणारे बफ मात्र खोगिराजवळही आणू नये. चाक पट्टीच्या कडेत अडकले तर पट्टी खिळ्यांसकट उपटली जाईल.

---

कणभर_रसायन

काका, ‘ऑक्सिडाइज’ शब्दाची गंमत अशी की त्यात ऑक्साइड जवळपास नसतेच. तेही सल्फाइडच असते. कारागिराने मुद्दाम आणलेला काळेपणा आणि हवेने आणलेला काळेपणा हे रसायनदृष्ट्या सख्खे भाऊ आहेत, म्हणूनच कोणतेही द्रव त्यांत भेद करू शकत नाही. तो भेद फक्त हातालाच करता येतो.

---

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी कन्येने आणि मी मिळून सर्व कॉन्चो सोडवले. प्रत्येक चकती कोणत्या जागेची हे कागदावर आकृती काढून, क्रमांक घालून, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवले. सहा चकत्यांच्या पाठीवर शिक्का सापडला. हिरवा थर असलेल्या दोन चकत्यांवर कोणताही शिक्का नाही आणि त्यांची खोदाईही किंचित वेगळी आहे. बहुधा कोणी नंतर बदललेल्या असाव्यात. कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि कॅन्टलची पट्टी बारीक खिळ्यांनी बसवलेली असल्यामुळे त्यांना हात लावलेला नाही.

एक कबुलीही द्यायची आहे. येथे विचारण्यापूर्वी मी एका कोपऱ्याभोवती रंगाऱ्यांची चिकटपट्टी लावून पाहिली होती. ती काढताना चामड्यावरचा चकाकीचा थर नखभर निघून आला. सुदैवाने ती जागा पायाच्या आड राहते.

आता प्रश्न असा की न सुटणाऱ्या पट्ट्यांभोवतीचे चामडे झाकावे कशाने, आणि तो हिरवा मेणचट पदार्थ काय आहे?

---

जुने_ते_जपू (मुंबई)

मी वस्तुसंग्रहालयातील वस्तूंच्या जतनाचे काम करते. चामडे आणि धातू एकत्र असलेल्या वस्तू, म्हणजे ढाली, म्यानांचे पट्टे, घोड्यांचे साज, आमच्याकडे नेहमी येतात, आणि त्यांचा स्वभाव तुमच्या खोगिराहून फारसा निराळा नसतो.

हिरव्या पदार्थाचे आधी सांगते. चामड्याला वर्षानुवर्षे पाजलेल्या तेलातील स्निग्धाम्ले तांबेयुक्त धातूच्या संपर्कात आली की त्यांचा तांब्याशी संयोग होऊन साबणासारखा हिरवा पदार्थ तयार होतो. याचा अर्थ त्या दोन चकत्या जर्मन सिल्व्हरच्या किंवा मुलामा झिजलेल्या असण्याची शक्यता अधिक. तो थर ओल्या फडक्याने पुसू नये, कारण तो पसरतो आणि चामड्यावर हिरवा डाग धरतो. बांबूच्या किंवा लाकडी टोकदार काडीने कोरडाच उचलावा, प्रत्येक वेळी काडी पुसावी. चकती सुटलेली असल्यामुळे राहिलेला चिकटपणा कापसाच्या काडीवर थोडे व्हाइट स्पिरिट (तैलरंग पातळ करण्याचे द्रावण) घेऊन काढता येईल. चामड्यावर मात्र फक्त काडी आणि मऊ कुंचला. आणि खोगिराला नीट्सफूट तेल (चामडे मऊ ठेवण्यासाठी वापरतात ते प्राणिज तेल) पाजण्याची हौस थोडी आवरावी. जेवढे तेल अधिक, तेवढा हा हिरवा पाहुणा परत येण्याची शक्यता अधिक.

झाकण्यासाठी चिकटणारे काहीच वापरू नये. पूर्वी प्रोजेक्टरसाठी वापरत असत ती पारदर्शक पॉलिस्टरची फिल्म, किंवा फायलीचे पातळ प्लास्टिक घ्यावे. पट्टीचा आकार कागदावर घासून उमटवावा, तो फिल्मवर कापावा आणि फिल्मची आतली कड पट्टीच्या कडेखाली हलकेच सरकवावी. पट्टी उचलण्यासाठी सुरी, नख, पाते काहीही घालू नये. फिल्म जेथे आपण होऊन शिरत नाही, तेथे ती फक्त कडेला टेकवावी.

उजाळ्यासाठी आम्ही जो लेप वापरतो तो घरीही करता येतो. औषधी दर्जाची अतिसूक्ष्म खडूची पूड, म्हणजे प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट, अर्धे डिस्टिल्ड पाणी आणि अर्धे अल्कोहोल यांत कालवून श्रीखंडाइतकी घट्ट करावी. पातळ केली तर ती वाहते आणि मग फिल्मचा उपयोग राहत नाही. कापसाच्या काडीवर मुगाएवढा लेप घेऊन एका वेळी टपाल तिकिटाएवढ्या जागेवर काम करावे. कापूस काळा झाला की फेकून द्यावा, कारण त्यातील सुटलेले कण पुढच्या जागेवर ओरखडे काढतात. लेप नक्षीत वाळू देऊ नये. डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलावून पिळलेल्या काडीने तो लगेच टिपून घ्यावा. अल्कोहोलने चामड्याचा रंग उतरतो, म्हणून हात शांत ठेवावा. ज्या जागी नुसती पिवळसर झाक आहे तेथे लेपाचीही गरज नाही. सराफाकडे मिळणारे चांदी पुसण्याचे कोरडे कापड पुरते.

चामडे कुठे तांबूस भुकटीसारखे बोटाला लागत असेल, तर हे सगळे थांबवून जाणकारास दाखवावे. तशा चामड्याला पाण्याचा एक थेंबही सोसत नाही.

---

तोबरा

ताईंचे सर्व म्हणणे मान्य, पण स्पर्धेच्या आदल्या रात्री तबेल्याच्या दिव्याखाली कोणी टपाल तिकिटाएवढे चौकोन आखत बसत नाही. मी वीस वर्षे घोडे बाळगून आहे. आमच्याकडे सगळे जण कापडाला सिल्व्हर क्रीम लावतात, पुसतात आणि रिंगणात उतरतात. आणि क्रम कोणता? मी आधी सॅडल सोपने चामडे स्वच्छ करतो, मग चांदी.

---

जुने_ते_जपू

तोबरा, आदल्या रात्री चौकोन आखावे लागू नयेत म्हणूनच ते महिनाभर आधी एकदा आखायचे. काळेपणा एकदा नीट काढला आणि प्रत्येक स्वारीनंतर कोरड्या सुती फडक्याने घोड्याचा घाम पुसला, तर आदल्या रात्री कापडाचा एक हात पुरतो. तुमच्या क्रीमविषयी एवढेच सांगेन की अमोनिया असलेले क्रीम निवडू नये; ते तांब्याच्या मिश्रधातूंना खाते. घोड्याच्या मूत्राचा अमोनिया तबेल्याच्या हवेत आधीच असतो, म्हणून खोगीर गोठ्याशेजारच्या बंद खोलीत ठेवणेही वाईटच.

क्रमाविषयी: चामडे आधी केल्यास लेपाचे पांढरे कण तेल घेतलेल्या ताज्या चामड्यावर आणि शिलाईच्या टाक्यांत बसतात आणि मग निघत नाहीत. पण चामड्यावरील धूळ न झाडता चांदीला हात लावला तर तुमचे म्हणणे खरे ठरते, वाळूचे कण फडक्यात येतात. म्हणून प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून ती ओढून घ्यावी, नंतर चांदी, आणि शेवटी चामडे. चामड्याचे तेल चांदीवर लागले तर ते कोरड्या फडक्याने टिपावे.

---

तोबरा

गोठा नव्हे ताई, आमची सॅडलरूम स्वतंत्र आहे! बाकी घाम पुसण्याचे मात्र मनावर घेतो. माझ्या ब्रेस्ट कॉलरच्या, म्हणजे घोड्याच्या छातीवरच्या पट्ट्याच्या, चकत्या नेहमी घोड्याच्या छातीच्या बाजूनेच खराब होतात, त्याचे कारण आता कळले.

माळरानताईंच्या कन्येसाठी एक दिलासा. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनची नियमावलीच सांगते की चांदीच्या साजाला चांगल्या कामाच्या साजापेक्षा अधिक गुण द्यायचे नाहीत. साज स्वच्छ आणि नीट बसणारा हवा. अर्थात रिंगणाभोवती उभे राहिल्यावर सगळ्यांची नजर कोठे जाते, हे आपण सर्व जाणतोच.

---

संत्र्याचा_मळा (लॉस एंजेलिस परिसर)

सफाई सुरू करण्यापूर्वी खोगिरावर कारागिराचा शिक्का आहे का, ते अवश्य पाहावे. तो बैठकीच्या पुढच्या भागावर, रिकिबीच्या रुंद चामडी पट्ट्यांवर किंवा कधी हॉर्नच्या टोपीवर असतो.

हे सांगण्यामागे कारण आहे. चांदीने मढवलेल्या खोगिराची परंपरा मेक्सिकोतील स्पॅनिश घोडेस्वारांकडून कॅलिफोर्नियात आली. ‘कॉन्चो’ हा शब्दही स्पॅनिशमधील शिंपल्यावरून आलेला आहे. पुढे 1859 मध्ये नेवाडातील कॉमस्टॉक खाणीची चांदी उजेडात आली. त्याच नेवाडातील एल्को गावच्या जी. एस. गार्सिया यांच्या खोगिराला 1904 च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. स्वीडनमध्ये जन्मलेले एडवर्ड बोलिन यांनी हॉलिवूडमध्ये चित्रपटांतील घोडेस्वारांसाठी जी खोगिरे घडवली, त्यांत तर चामडे शोधावे लागते. पॅसाडेना येथील 1 जानेवारीच्या रोझ परेडमध्ये अशी खोगिरे पूर्वीपासून मिरवली जात आली आहेत. आमच्या शहरातील ऑट्री संग्रहालयात काही जवळून पाहता येतात, आणि पाहताना लक्षात येते की तेथेही नक्षीच्या खाचा काळ्याच ठेवलेल्या आहेत.

अशा एखाद्या जुन्या कारखान्याचा शिक्का सापडला, तर संग्राहक सौम्य, एकसारख्या काळसरपणाला किंमत देतात आणि घासून गुळगुळीत झालेल्या खोदाईला देत नाहीत. त्यामुळे आधी दाखवून घ्यावे, मग हात लावावा.

---

माळरान

शिक्का शोधला. रिकिबीच्या पट्टीवर एक पुसट वर्तुळ आहे, पण ते मोठ्या संख्येने खोगिरे तयार करणाऱ्या कारखान्याचे असल्याचे येथील एका खोगीरकाराने पाहून सांगितले. तेव्हा जपून, पण निर्धास्तपणे काम सुरू केले.

तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी शिक्का असलेले सहा कॉन्चो रिठ्याच्या पाण्यात धुतले. रिठे भारतीय दुकानात सहज मिळाले. फेस पाहून कन्येला वाटले की मी शाम्पूच ओतला. त्यानंतर चंदेरी_हात काकांनी सांगितल्याप्रमाणे बाटलीच्या बुचावर कापड ताणून उंच भाग घासले. पाने पांढरी आणि मधली जमीन काळी, असे दिसू लागल्यावर आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या बघत बसलो. एका चकतीवर मात्र हट्टाने फॉइलचा प्रयोग केला, कारण काहीतरी स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. ती खरोखरच खडूसारखी पांढरी पडली आणि इतरांच्या रांगेत कवळीतल्या दातासारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी हॉर्नची टोपी आणि पुढचे दोन कोपरे खडूच्या लेपाने केले. फिल्म तीन बाजूंनी सहज सरकली, चौथ्या बाजूला नाही. कोपऱ्यांवर मुलामाच आहे, कारण एका टोकाला पिवळी झाक दिसली आणि मी थांबले. तिसऱ्या दिवशी कॅन्टल. तेथे मध्यभागी एक तपकिरी पट्टा तसाच राहिला आहे. तो काढण्याच्या नादात आणखी मुलामा जाईल अशी भीती वाटली.

दोन प्रश्न उरले. पांढऱ्या पडलेल्या त्या चकतीचे काय करावे? आणि मागच्या उजव्या कोपऱ्याची एक खिळी हलते आहे, ती घरच्या घरी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवावी का?

---

चंदेरी_हात

ताई, गोंद मुळीच नको. तो पट्टीखाली पसरून चामड्यात मुरतो, आणि पुढे कोणाला पट्टी काढायची झाली तर चामडे सोबत फाटून येते. खोगीरकाराकडून त्याच धातूची खिळी घालून घ्यावी. लोखंडी घातली तर ती गंजून चांदीच्या कडेला तांबडी रेघ धरेल. मूळ खिळी पडली असेल तर ती जपून ठेवून त्याला नमुना म्हणून द्यावी.

पांढरी चकती सराफाकडे नेऊन ‘ऑक्सिडाइज करून उंच भाग उजळा’ एवढे सांगितले तर तासाभराचे काम आहे. तुमच्याकडे चांदीचे दागिने करणारा कोणीही ते करू शकेल. तिच्यावर शिक्का आहे म्हणूनच हे सांगतो. मुलाम्याच्या वस्तूवर हे काम करून घेऊ नये. आणि कॅन्टलवरचा पट्टा तसाच ठेवलात, ते योग्यच केलेत.

---

कणभर_रसायन

आता साठवणीबद्दल, कारण सगळी मेहनत तेथेच वाया जाते. खोगिरावर लोकरीची घोंगडी टाकून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडावी; लोकरीच्या प्रथिनांत गंधक असते. रबराच्या पट्ट्या, रबरी आच्छादन आणि फोमचे तुकडे चांदीपासून दूर ठेवावेत, कारण रबर पक्के करण्यासाठी गंधकच वापरतात. धुतलेल्या सुती चादरीचे आच्छादन सर्वांत चांगले. हवाबंद प्लास्टिकमध्ये संपूर्ण खोगीर गुंडाळू नये. आत ओलावा कोंडला की चामड्याला बुरशी येते. सुटे कॉन्चो मात्र लहान पिशवीत, काळेपणा रोखणाऱ्या कागदी पट्टीसह ठेवता येतात.

---

जुने_ते_जपू

त्याला जोडून मेणाविषयी. स्वच्छ झालेल्या चांदीवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. आमच्या कामात रेनेसाँ वॅक्स वापरतात. ते 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले. कापसाच्या काडीवर नाममात्र घेऊन चांदीपुरतेच लावावे आणि काही मिनिटांनी मऊ फडक्याने पुसावे. लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या पारदर्शक लेपाचा, विचार करू नये, कारण जेथे मांडी आणि हात घासतो तेथे लॅकर तुटते आणि त्या फटींतून चांदी ठिपक्याठिपक्यांनी काळी होते. ते काढायला ॲसिटोन लागते, आणि ॲसिटोन चामड्याचा रंग क्षणात उतरवते. हॉर्नवरचे मेण हाताच्या घर्षणाने लवकर जाईल, तेथे ते दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे लागेल. कॅन्टलवर वर्षभर तग धरायला हरकत नाही.

---

माळरान

घोंगडी आजच काढली. ती गेले चार आठवडे खोगिरावरच होती. शनिवारी खोगीरकाराकडे जात आहोत, मूळ खिळी पाकिटात घातली आहे. पांढरी चकती कन्येने सराफाकडे द्यायला नकार दिला. ती म्हणते, ती डाव्या बाजूला मागे लावू, पंच उजवीकडून पाहतात. मी तिला सांगितले की रिंगणात दिशा बदलायला लावतात, तेव्हा डावी बाजूही पंचांसमोर येते. यावर घरात चर्चा चालू आहे.